शामूने एकट्याने बसवलेलं मशीन

फोन आला तेव्हा मी कुरकुंभच्या एका कंपनीच्या ऑफिसच्या गच्चीवर आउटडोअर धूत होतो. आउटडोअर म्हणजे एसीचा बाहेर बसवतात तो पंख्याचा डबा. वर्षभर एमआयडीसीची धूळ खाऊन त्याची जाळी अशी काही लिंपली जाते, की धुताना आधी बराच वेळ नुसता चिखलच गळतो. पंपाच्या आवाजात दोनदा रिंग ऐकू आली नाही. तिसऱ्यांदा बघितलं तर स्क्रीनवर शामूचं नाव, म्हणून ओल्या हातानेच उचलला आणि ‘बोल की’ म्हणालो. आवाज दुसऱ्याचाच होता. त्या माणसाने विचारलं, शमुवेल तुमचे कोण? मी म्हणालो, पार्टनर. तो म्हणाला, मी शिरूरहून बोलतोय, तुमचे पार्टनर तिसऱ्या मजल्यावरून पडलेत... मी त्याला ठणकावून सांगितलं की तुमचा काहीतरी घोटाळा होतोय, आमचा शामू दौंडला दवाखान्यात आहे, बायकोचा गुडघा दाखवायला गेलाय. शिरूरला त्याचं काही कामच नाही. मग समोरच्या माणसाने मला शामूच्या गाडीचा नंबर वाचून दाखवला.

या गोष्टीला सहा आठवडे झाले. लोक हळूच विचारतात, बाळासाहेब, सावरलात का? केडगावच्या दफनभूमीत मी लहान पोरासारखा रडलो, ते सगळ्यांनी पाहिलं आहे. पण जे कुणी पाहिलं नाही ते आज लिहितो. दुःखाच्या आधी मला शामूचा राग आला होता. शिरूरला जाताना गाडी चौफुल्यावरून न्हावऱ्याकडे वळली, तेव्हा माझ्या डोक्यात तो जगेल का हा विचार नव्हता. हा माणूस माझ्याशी खोटं का बोलला, हाच विचार होता. तो राग अजून गेलेला नाही.

आमची ओळख कुरकुंभचीच. तो केडगावचा, मिशनच्या आवारात वाढलेला, एका औषध कंपनीत मेंटेनन्सला होता. मी तिथेच कंत्राटी इलेक्ट्रिशियन. दोघांची कंत्राटं एकाच दिवशी संपली, आणि गेटबाहेर चहा पिता पिता दौंडला स्टेशन रोडवर दुकान टाकायचं ठरलं. अठरा वर्षं झाली त्याला. शामू देवळात जात नसे आणि मी चर्चमध्ये, पण नाताळचा केक आणि दिवाळीची चकली दुकानात वाटून खाताना आमच्यात भांडण व्हायचं ते फक्त शेवटच्या तुकड्यावरून. कामाला तो फार कडक. गिऱ्हाईकाने आउटडोअर भिंतीला चिकटवून लाव म्हटलं की हा म्हणायचा, त्याला बी श्वास घ्यायला जागा ठेवा की. एका बाईंनी आउटडोअरवर गोधडी वाळत टाकलेली पाहिली, तेव्हा त्याने त्यांना एवढं सुनावलं की पुढे त्या बाई आम्हाला पाहिलं की आधी गॅलरीत धावत जाऊन बघून येत. तांब्याच्या नळ्या वाकवताना तो उपासनेतली गाणी गुणगुणायचा. नळी दबली की गाणं थांबायचं, त्यावरून मला आतल्या खोलीत कळायचं.

पण सगळ्यात कडक होता तो दोराच्या बाबतीत. इमारतींना बाहेरून मशीन लावायचं म्हणजे एकाने छज्ज्यावर उतरायचं. उतरणाऱ्याच्या कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर, आणि दोर आत दुसऱ्याच्या हातात, एक वेढा पाठीमागून घेतलेला. उतरायचा कायम शामू, धरायचो कायम मी. खिडकीवर बसून तो विचारायचा, “हाय का?” मी म्हणायचो, “हाय.” मगच पाय बाहेर. त्या सगळ्या वर्षांत एकदाही हे चुकलं नाही. दोर तिऱ्हाईताच्या हातात द्यायचा नाही, हा त्याचा दुसरा नियम. वॉचमन असो, घरमालक असो, भला माणूस असला तरी त्याचा फोन वाजतो, दाराची बेल वाजते, आणि तो दोर खाली ठेवून बघायला जातो. मी आजारी असलो तर काम पुढच्या आठवड्यावर. गिऱ्हाईक तापलं तर तापू दे. मला त्याचा केवढा अभिमान होता! बायकोला मी सांगायचो, माझ्याशिवाय शामूचा पाय खिडकीबाहेर पडत नाही.

दोन वर्षांपूर्वी पाटसजवळ माझी मोटारसायकल घसरली आणि उजवा खांदा निखळला. तो बसवला, पण हात पहिल्यासारखा झाला नाही. तीन महिन्यांनी आम्ही पुन्हा कामाला लागलो. दौंडमधल्याच एका इमारतीत शामू छज्ज्यावर असताना शेवाळावरून त्याचा पाय गेला. दोर माझ्या तळव्यातून सरसरत घसरला, खांद्यातून कळ गेली, मी ओढला जाऊन खिडकीच्या चौकटीवर छातीने आदळलो... पण सोडला नाही. तो वर आला, आत उतरला, आणि त्याने माझे सोललेले तळवे उलटसुलट करून बघितले. खाली येऊन आम्ही चहा घेतला. दुसऱ्या दिवशी दुकानात म्हणाला, “आता बाहेर लटकायची कामं बंद करू, बाळू. कंपनीवाले सोताच माणूस धाडत्यात. आपुन सर्व्हिसिंगच बघू.” मला ते पटलं. खरं तर सुटल्यासारखं वाटलं. तेव्हापासून मी फिल्टर धुणं, गॅस बघणं, गच्चीवरची, जमिनीवरची मशीनं साफ करणं यात रमलो, आणि शामूला आठवड्यातून एखादा दिवस घरचं काम निघू लागलं.

काय काय कामं निघाली म्हणून सांगू! मेव्हण्याची विहीर, चर्चची सभा, भाचीचं स्थळ. अलीकडे वहिनींचा गुडघा. मी असा भोळा, की एका रविवारी मार्था वहिनी बाजारात भेटल्या तेव्हा त्यांना गुडघा कसा आहे म्हणून विचारलं. त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, व्हय, बरा हाय आता. भाजीची पिशवी घेऊन तरातरा चालत गेल्या. मला तेव्हा फक्त एवढंच वाटलं, की डॉक्टर चांगला दिसतो.

दफन झाल्यावर आठवड्याने मी शामूची हत्यारं आणायला शिरूरला गेलो. ते घर एका निवृत्त नर्सबाईंचं. त्यांनीच मला खोली दाखवली. म्हणाल्या, वॉचमनने मशीन बाहेर सरकवायला हात लावला, मग यांनी त्याला खाली पाठवून दिलं आणि मला स्वयंपाकघरात बसायला सांगितलं. खिडकीशी लोखंडी पलंग ओढलेला होता. त्याच्या पायाला दोराचा वेढा होता, पडताना निसटला तो. पलंग जड व्हावा म्हणून वर गादी, आणि गादीवर हत्यारांची पिशवी. काम सगळं झालं होतं. आत येताना त्याने दोरावर भार दिला असणार, पलंग पुढून उचलला गेला, आणि वेढा पायाखालून सुटला. पलंगाचा पाय खालून मोकळा असतो, त्याला दोर बांधायचा नसतो, हे त्याला ठाऊक नव्हतं असं मी म्हणूच शकत नाही. पाटसला दुसऱ्या एका मेकॅनिकला याच गोष्टीवरून तो माझ्यासमोर वाटेल ते बोलला होता. वॉचमनला दोर द्यायचा नाही हा नियम त्याने त्या दिवशीही पाळला. बाळूला बोलवायचं नाही हाही पाळला. मग उरला पलंग. मी तिथे उभा राहून विचार करत होतो, की त्या दिवशी खिडकीवर बसून त्याने “हाय का” म्हणून कुणाला विचारलं असेल... बाई पाणी घेऊन आल्या, ते मला घेववलं नाही.

दुकानातली त्याची वही चाळली तर दोन वर्षांतली अशी बरीच कामं निघाली. शिरूर, रांजणगाव, केडगाव. सगळी त्याच्या घरच्या कामांच्या दिवशी. म्हणजे ते एका दिवसाचं खोटं नव्हतं. दोन वर्षं तो सकाळी माझ्यासोबत हसत चहा पीत होता, आणि माझी जागा कधी पलंगाला, कधी खिडकीच्या गजाला देत होता. अधू झालेल्या माणसाला नुसतं सांगायचं असतं, की तुझ्या हातावर आता माझा भरवसा नाही. मी ते ऐकून घेतलं असतं. वाईट वाटलं असतं, पण ऐकलं असतं.

हे सगळं मी मार्था वहिनींना बोलून दाखवलं. चूक की बरोबर माहीत नाही, घरात त्यांचं दुःख एवढं ताजं असताना माझं रडगाणं घेऊन गेलो. त्या शेंगा सोलत बसल्या होत्या. हात न थांबवता त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “भरवशाचं न्हवतं ते, भाऊजी. त्या दिवशी तुमी खिडकीपतुर ओढत आला तरी दोर सोडला न्हाई. घरी येऊन ह्ये जेवलं न्हाईत. म्हनाले, बाळूचा हात अधू झालाय आन् ह्यो गडी दोर सोडायचा न्हाई, माझ्यासंगं खाली येईल.”

मी म्हणालो, “पण वहिनी, ह्ये त्यानं मला इचारायला पायजे हुतं.”

“इचारलं असतं तर तुमी काय म्हनला असता?”

मी म्हणालो, “दोर धरतो म्हनलो असतो.”

“म्हनूनच न्हाई इचारलं,” त्या म्हणाल्या, आणि सोललेल्या शेंगांचं ताट घेऊन आत गेल्या.

लोकांना वाटतं, हे कळल्यावर माझा राग निवला असेल. नाही निवला. उलट वाढला. माझ्या जिवाची काळजी घ्यायची तर ती मला विचारून घ्यायची होती. अठरा वर्षांच्या पार्टनरला एवढं विचारलं जायचा हक्क असतो, आणि ‘नको’ म्हणायचा, ‘चल, कुणी तिसरा गडी ठेवू’ म्हणायचाही असतो. तो हक्क त्याने मला दिला नाही. माझ्यावर माया केली आणि मला फसवलं, दोन्ही एकाच वेळी केलं. आता यातलं कशाबद्दल त्याच्याशी भांडावं तर भांडायला तो नाही.

गेल्या आठवड्यात नर्सबाईंचा फोन आला. एवढ्या उन्हात त्यांनी तो एसी एकदाही लावला नव्हता. चालू करायला हात होत नाही म्हणाल्या, तुम्ही येऊन बघून द्या. मी गेलो. आतूनच सगळं तपासलं. जोड साबणाच्या फेसाने बघितले, कुठे बुडबुडा नाही. पाण्याची नळी उतार देऊन पक्की बसवलेली, खालच्या बिऱ्हाडाच्या गॅलरीत थेंब पडू नये म्हणून टोक बाजूला वळवलेलं. खिडकीतून डावा हात लांब करून मशीनवर लेव्हलची पट्टी ठेवली, तर तसूभरही कल नाही. दोन माणसांनी धरून, एकाने ‘मागे सर’, एकाने ‘पुढे ये’ असं सांगत बसवलं, तरी इतकं सरळ बसत नाही. चालू केलं तर थरथर नाही, खडखड नाही. मला मनातून कुठेतरी वाटत होतं, की एखादा बोल्ट ढिला निघावा. एक तरी काम असं निघावं, जे माझ्याविना त्याला जमलं नाही. तसं काही निघालं नाही.

खोली गार व्हायला लागली. बाईंनी दारातून विचारलं, सगळं ठीक आहे ना, काही राहिलंय का.

“कुठं काय ऱ्हायलं न्हाई, बाई,” मी म्हणालो. “एकट्यानं केलंय, पन कुठं चूक न्हाई.”