तिसरीतले गुन्हेगार

तिसरीच्या वर्गावर वर्षभर शिकवलं की पोर्शन पूर्ण होवो न होवो, किस्से मात्र ढिगानं जमतात. मी ते वर्ध्याजवळ बोरगाव मेघेला घरी जाऊन नवऱ्याला सांगते. तो ऑफिसात दिवसभर फाइली बघतो, सांगण्यासारखं त्याच्याकडे काही घडत नाही, त्यामुळे बिचारा ऐकून घेतो.

आमची शाळा सेलूच्या पुढे, एका लहानशा गावात. मी आणि हेडमास्तर झाडे सर, एवढाच स्टाफ. यंदा वरून पत्र आलं की मुलांना 'गुन्हा म्हणजे काय आणि तो का घडतो' हे सोप्या भाषेत समजावून सांगावे. सोप्या भाषेत! मला तर कठीण भाषेतही येत नव्हतं.

*

पहिल्या दिवशी सरळ विचारलं, गुन्हा म्हणजे काय? गार्गी म्हणाली, चोरी. कोणी म्हणालं, मारामारी. एकानं माझ्याकडे रोखून बघत 'छडी मारणं' असं सांगितलं, म्हणून मी हातातली पट्टी टेबलावर ठेवली. मग ओम उठला. हा आमचा वर्गातला वक्ता.

"मॅडम, पकडल्यावर जे होते, तो गुन्हा. नाई पकडलं तर काईच नाई."

मी त्याला खाली बसवलं. घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, पोरगा वकील होणार. मी म्हटलं, नाहीतर अशील.

*

ओमची पुढची शंका जास्त अडचणीची होती. आमच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी. त्याच्या मामाचं गाव नागपूर जिल्ह्यात, तिथे दारूचं दुकान, वर भलामोठा बोर्ड. मग तीच बाटली इथं गुन्हा आणि तिथं नाही, असं काऊन, हे त्याला जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, हे झाडे सर सांगतील. सरांनी प्रश्न ऐकला, चष्मा पुसला आणि स्वतः जाऊन मधल्या सुट्टीची बेल दिली. वीस मिनिटं आधी!

पोरं ओरडत पळाली. समीक्षा तेवढी बसून राहिली आणि आपण काय करून बसलो ते माझ्या लक्षात आलं. तिच्या आईला, सुनंदाताईंना, आदल्याच आठवड्यात पोलिसांनी मोहाची दारू विकताना धरून नेलं होतं. गावाला माहीत होतं, मलाही माहीत होतं, आणि तरी मी हा विषय तिच्यासमोर रंगू दिला. स्वतःचा इतका राग मला क्वचितच आला असेल. त्या दिवशी खिचडीच्या पंगतीत तिच्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या होत्या.

*

'तो का घडतो' हा भाग ओमनंच शिकवला. त्यानं गार्गीचं शार्पनर उचललं आणि सापडला. का घेतलंस विचारल्यावर म्हणाला, तिच्याकडे दोन आहेत, माझ्याकडे एकही नाही. गार्गी म्हणाली, मग मागायचं, मी दिलं असतं.

"तू मले बोलतच नाई," ओम म्हणाला.

इतकं स्वच्छ कारण वरून आलेल्या पत्रातही दिलेलं नव्हतं. मी दोघांना एका बाकावर बसवलं. दुपारपर्यंत ती दोघं खिडकीजवळच्या जागेवरून भांडत होती, म्हणजे बोलत होती.

*

मग समीक्षाचे बाबा गजाननभाऊ कुबडी टेकत शाळेत आले. स्लॅबच्या कामावरून पडून पाय मोडला तेव्हापासून ते घरी, आणि सुनंदाताई त्या धंद्यात पडल्या त्याही तेव्हाच. त्यांना तिचा शाळा सोडल्याचा दाखला हवा होता.

"पोरीले कारंज्याले बहिणीकडं ठेवतो, मॅडम. इथं तिच्यासंग कोनी बसत नाई."

समीक्षा आमच्या वर्गात सगळ्यात सुंदर वाचते. दुसऱ्याच्या घरी राहायला गेलेल्या पोरींचं वाचन कसं भांड्यांच्या ढिगाखाली जातं, ते मी बघितलेलं आहे. तिनं जाऊ नये असं मला फार वाटत होतं. तेवढ्यात झाडे सर म्हणाले, दाखल्याचं बुक संपलंय, नवीन यायला वेळ लागेल. गजाननभाऊ परत गेले. सर दिवसभर माझी नजर टाळत होते.

तिसऱ्या दिवशी मी ओमला कपाटातून खडू आणायला पाठवलं. तो दाखल्याचं कोरं बुक नाचवत आला, खडूच्या डब्याखाली सापडलं म्हणे! दारात झाडे सर उभे. ओमनं त्यांनाच विचारलं, "सर, खोटं बोलनं गुन्हा हाय का?"

सरांच्या जागी मी असते तर त्याला वर्गाबाहेर काढलं असतं. सर खुर्चीवर बसले आणि म्हणाले, हो, मी खोटं बोललो. समीक्षा शाळा सोडून चालली आहे आणि मला ते नको होतं. ती का चालली, असं गार्गीनं विचारलं.

"तिच्याजवळ कोणी बसत नाही म्हणून," सर म्हणाले.

समीक्षा त्या दिवशी आली नव्हती. खिचडी बरीच उरली.

*

पुढच्या आठवड्यात सुनंदाताई जामिनावर सुटल्या आणि समीक्षाला घेऊन स्वतःच ऑफिसात आल्या. डोक्यावरचा पदर पार कपाळापर्यंत ओढलेला. दाखला द्या, एवढंच म्हणाल्या. सरांकडे आता सबब उरली नव्हती. त्यांनी बुक उघडून नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली, मधे दोनदा पाणी प्यायले. शेवटी 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्याशी त्यांचा पेन थांबला. काय लिहू, असं त्यांनी विचारलं.

सुनंदाताई खाली बघत म्हणाल्या, "माह्यापायी, असं लिहा."

ऑफिसच्या खिडकीला बाहेरून अख्खी तिसरी लटकलेली होती. मी पोरांना हाकलायला उठले, तेवढ्यात गार्गी गजांतून आत तोंड घालून म्हणाली, "नाई सर. आमच्यापायी, असं लिहा."

सरांनी काहीच लिहिलं नाही. सुनंदाताई खिडकीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी सरांच्या हातातला पेन घेतला, त्याला टोपण लावलं आणि टेबलावर ठेवून दिला.