दादाकडे उरलेला एक शब्द

दादा गेला तेव्हा दूधवाले फिरत होते. मी आधी माझा चहा केला, प्यायले आणि मग शेजारच्या काकूंचं दार वाजवलं. दिवसभर माणसं येत होती. ‘शब्दांचा राजा गेला वं वच्छले,’ असं जो तो म्हणत होता. आता महिना झाला, आणि त्याच्याबद्दल लिहून द्या म्हणून पुरवणीवाले मागे लागलेत. लिहिते. पण गोड लिहिणं मला जमायचं नाही.

हा माझा थोरला भाऊ सदर भागातल्या एका शाळेत मराठी शिकवायचा. शब्दाचं कूळ खणून काढल्याशिवाय त्याला घास गोड लागत नसे, आणि उदाहरण दिल्याशिवाय त्याचा पाठ पुरा होत नसे. मी बावीस वर्षांची असताना मौद्याहून मला बघायला मंडळी आली. मुलगा सावळा, हसरा; मला आवडला होता, सांगून टाकते. त्याच्या मामांना छातीपर्यंत दाढी. त्यांनी सहज विचारलं, ‘मास्तर, हा दाढी शब्द कुठून आला असंन?’ झालं! दादानं पोह्याची बशी खाली ठेवली. संस्कृतात दंष्ट्रा म्हणजे सुळा, प्राकृतात तिची दाढा झाली, आणि दाढेवरच्या गालावर उगवते ती दाढी. मग श्मश्रू निघाली. श्मश्रू म्हणजे दाढीमिशाच, पण आपण मराठी माणसं श्मश्रू करतो म्हणजे ती काढून टाकतो, दाढी करतो म्हणजेही काढूनच टाकतो! मंडळी माना डोलावत होती, आणि दादाला चेव चढला होता. ‘अन् दाढी पुरुषालेच असते असं काही नाही,’ असं म्हणत त्यानं माझी हनुवटी धरली आणि तोंड खिडकीकडे वळवलं. ‘हे पाहा, आमच्या वच्छीले. चारच केस आहेत, पण शब्द हाच लागते.’

मामा खो खो हसले. मुलगा बशीकडे बघत राहिला… त्यांच्याकडून निरोप आला, योग नाही. मी दादाला विचारलं, ‘काहून केलं गा असं?’ तो खरंच गोंधळला. ‘अवं, मी तं शब्द समजावून सांगून राहिलो होतो!’ एकाची जळते दाढी, दुसरा त्यावर पेटवतो विडी. ही गोष्ट कामठीपर्यंत पोचली आणि नात्यात माझं नाव दाढीवाली पडलं. पुढे एकही स्थळ आलं नाही. मी टेलिफोनची नोकरी धरली. तिथं नुसता आवाज लागतो, तोंड कोणी बघत नाही.

वहिनी गेली, मूलबाळ नव्हतं, आणि दादाला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी त्याच्याकडे राहायला गेले. रोज ड्यूटीला जाण्याआधी मी त्याची दाढी करायची. अगदी गुळगुळीत. शेजारी म्हणत, बहीण असावी तं अशी. गालाला साबण लावून झाला की मी त्याच्या कानाशी वाकून विचारायची, ‘सांगा मास्तर, दाढ अन् दाढीचं नातं काय?’ त्याच्या एकाच डोळ्यातून पाणी यायचं. मी ते साबणाबरोबर पुसून टाकायची.

काही आठवड्यांनी एक शब्द परत आला. दाढी. डॉक्टर खूश झाले, म्हणाले, हळूहळू बाकीचेही येतील. नाही आले. भूक लागली, दाढी. दुखलं, दाढी. चादर ओली झाली, दाढी. जुना विद्यार्थी भेटायला आला, पाया पडून म्हणाला, ‘सर, ओळखलं का मले?’ ‘दाढी,’ दादा म्हणाला. तो पोरगा आपल्या वाढलेल्या दाढीवरून हात फिरवत ओशाळला. ‘उद्याच करतो, सर.’ मी आत जाऊन पोट धरून हसले. हो, हसले!

शेवटच्या संध्याकाळी त्यानं डावा हात उचलला आणि माझ्या हनुवटीला लावला. आपल्याकडे हातापाया पडताना, विनवणी करताना लावतात तसा. ‘दाढी…’ तो म्हणाला, ‘दाढी… दाढी…’ माफी मागत असेल. तहान लागली असेल. मी म्हटलं, ‘पाणी पाहिजे का गा?’ आणि चमच्यानं पाणी पाजलं. त्यानं ते थुंकून दिलं. माझ्याकडे बघत राहिला. हात हनुवटीवरच होता.

मी पुन्हा चमचा भरला.