माझा काटा आणि नागेशची सायकल

माझ्या काट्यावर कोणी संशय घेतला की माझं डोकं फिरतं. देवळीत बियाणं-खतांचं दुकान चालवतोय सव्वीस वर्षं. वेळच्या वेळी काट्यावर सरकारी शिक्का मारून घेतो आणि गिऱ्हाइकाला दाणाभर कमी देत नाही. पण फेब्रुवारीतल्या त्या शनिवारी काटा खोटा निघावा म्हणून मी मनातल्या मनात हात जोडले.

माझ्या दुकानासमोर नागेशचं सायकल दुरुस्तीचं दुकान. वय बावन्न, मिशी जाडजूड, बोलणं त्याहून जाड. सायकल जडच असली पाहिजे, हा त्याचा धर्म. दूधवाल्याच्या कॅरिअरखाली न मागता एक सळई जास्तीची जोडणार, बाभळीचे काटे टोचू नयेत म्हणून टायरच्या आत जुन्या ट्यूबचं अस्तर घालणार, आणि वर सांगणार, "माही सायकल पडली तं रस्ता फुटन, सायकल नाई." अशा माणसाकडे दिवाळीनंतर चंचल आली.

चंचल ऑटोवाल्या दुर्गेशची मुलगी. वर्ध्याला कॉलेजात शिकते आणि डोंगरातल्या सायकल शर्यतींत उतरते. आर्वीकडच्या टेकड्यांत राज्याच्या संघाची निवड व्हायची होती, त्यात पहिल्या पाचांना घेतात. मागच्या वर्षी शेवटच्या चढावर मागे पडून पोरगी सहावी आली. वयाच्या नियमानं ही शेवटची संधी. तिला शिकवणाऱ्या कॉलेजच्या सरांनी सांगितलं होतं, सायकलचं वजन उतरव.

"वजन उतरवाचं?" नागेशच्या हातातला पाना खाली पडला. "पोरी, तीस वर्सं मी वजन चढवूनच राह्यलो ना!"

पण एकदा मनावर घेतलं की नागेश ऐकतो कुणाचं? स्टँड गेलं, मडगार्ड गेले. स्वतःच्या हातानं घातलेलं अस्तर त्यानं स्वतःच ओढून काढलं. ट्यूबही गेली, आणि टायरमध्ये काट्याचं भोक आपोआप बुजवणारं पांढरं पाणी आलं. नागपूरच्या शर्यतवाल्यांनी नवे भाग घेतले की त्यांचे जुने हलके भाग सर आणून द्यायचे. कार्बनचं हँडल पहिल्यांदा हातात आलं तेव्हा नागेश ते उलटंपालटं करत माझ्याकडे धावत आला. "प्रभाकरभाऊ, याच्यात काई हायेच नाई! पोकळ दांडा! याच्यावर पोरगी बसवू?"

वजन करायला तो माझ्याच काट्यावर यायचा. स्टँड नसल्यानं सायकल काट्यावर उभी राहत नसे, म्हणून ती खांद्यावर घेऊन नागेश स्वतः चढायचा. त्याचं वजन अडुसष्ट. पहिल्या दिवशीच मोजलेलं, म्हणून तोंडपाठ. जो आकडा येईल त्यातून अडुसष्ट वजा केले की उरली सायकल. पहिल्या दिवशी ती निघाली चौदा किलो सहाशे. जानेवारीच्या मध्यात नऊ किलो तीनशे! मी थक्क झालो. नागेश भर रस्त्यात नाचला, आम्ही पेढे वाटले. चंचल त्याच्या पाया पडली आणि रोज पहाटे ती नऊ किलोची सायकल घेऊन चढ मारू लागली. दर आठवड्याला चढाला लागणारा वेळ कमी होत होता.

त्या दिवसांत नागेश माझ्या माठातलं पाणी सारखं प्यायचा. "नाग्या, विहीर आटवतं का बे?" मी म्हणायचो. तो हसायचा, मीही हसायचो. लाज वाटते आता.

निवडीच्या आदल्या दिवशी, शनिवारी, शेवटचे हलके पेडल बसले. नागेश सायकलसकट काट्यावर चढला. आकडा आला त्र्याहत्तर किलो नऊशे.

"पाच किलो नऊशे!" नागेश ओरडला.

चंचलचा चेहरा उतरला. "काका, सा किलोची असली सायकल जगात कुठीच नाई. काटा बिघडला."

माझं टाळकं सरकलं. आतून शिक्क्याचं वीस किलोचं लोखंडी वजन आणलं आणि काट्यावर आदळलं. बरोबर वीस. दुसऱ्यांदा ठेवलं, पुन्हा वीस. मग चंचलला एकटीला उभं केलं, अठ्ठेचाळीस. तिनं सायकल खांद्यावर घेतली, एकोणसाठ किलो नऊशे. म्हणजे सायकल जवळजवळ बारा किलोची.

मी नागेशकडे वळलो. "नागेश, एकटा चढ."

"मले काऊन?"

"चढ म्हणतो ना!"

बासष्ट.

मी काटा फडक्यानं पुसला, त्याला उतरवून पुन्हा चढवलं. देवा, आजच्या दिवस खोटा निघ रे, आयुष्यभर लोकांनी माप काढलं तरी चालेल. आकडा हलला नाही. बासष्ट. तीन महिन्यांत सहा किलो गेले, माझ्या डोळ्यांसमोर, माझ्याच काट्यावर. आणि आम्ही पेढे वाटले होते.

नागेश आकड्याकडे बघत उभा होता. मग त्याचे डोळे भरून आले. "म्हंजे सायकल बाराचीच हाये? पोरीले मी नऊची सांगतली ना, भाऊ!"

"अबे, चुलीत गेली सायकल! तू सा किलो गेला ना बे!" मी एवढ्यानं ओरडलो की रस्त्यावरची माणसं थांबली.

त्यानं पट्टा चाचपला. आपल्याच हातानं पट्ट्याला पाडलेली दोन नवी भोकं त्याच्या बोटाखाली आली, आणि तो मटकन खताच्या पोत्यावर बसला.

चंचलनं बापाला फोन लावून ऑटो बोलावला. नागेश म्हणाला, "उद्या तुही निवड होऊ दे, सोमवारी जातो."

"मंग मी बी उद्या उतरत नाई."

तो गुपचूप ऑटोत बसला. वर्ध्याला डॉक्टरांनी रक्त तपासलं, साखर चारशेच्या वर. तिथंच भरती करून घेतलं. मला बाजूला नेऊन म्हणाले, अजून थोडे दिवस असेच गेले असते तर काही सांगता आलं नसतं.

रविवारी दुपारी चंचलचा फोन आला. नागेशच्या हाताला सलाईन होतं, म्हणून मी फोन त्याच्या कानाशी धरला. पोरगी चौथी आली होती.

"बारा किलोची घेऊन चढली तू?" नागेशनं उशीवरून डोकं उचललं.

"महिनाभर तेच तं चढवून राह्यली होती ना, काका."

"चुकलं माहं, पोरी. आल्यावर अजून दोन किलो—"

"काई नोका उतरवू," ती म्हणाली. "सायकल राहू द्या बाराची. तुमी अडुसष्टचे होऊन या."