पडवीचा उतार आणि माझं समीकरण

गणिताने चूल विझते, हे मी स्वतः सिद्ध केलेलं आहे.

मी जव्हारला शाळेत गणित शिकवतो. (म्हणजे मी बोलतो, पोरं खिडकीबाहेर बघतात.) गेल्या मे महिन्यात धाकट्या बहिणीला, सुमनला, बघायला खोडाळ्याचे पाहुणे येणार म्हणून सूर्यमाळला घरी गेलो. बाबांनी पडवीत सिमेंटचा कोबा करायला काढला होता. पाहुणे तिथेच पाय धुणार. पडवीच्या एका टोकाला नाली, दुसऱ्या टोकाला स्वयंपाकघर!

"उतार नजरेनंच घेतो," बाबा म्हणाले.

"नजरेनं? अहो, शास्त्र आहे त्याला!" मी अंगणात उभा राहिलो आणि भिंतीवर खडूने लिहिलं, y = mx + c. "हा m म्हणजे उतार. तो उणे असला की रेषा उजवीकडे खाली जाते. उजवीकडे नाली. संपलं!"

"तांब्याभर पानी वतून बघू का?"

"मे महिन्यात? आई डोंगर उतरून हंडा आणते, आणि तुम्ही तो जमिनीला पाजणार?"

आमच्याकडे या मुद्द्यावर कुणी वाद घालत नाही. मग मी भिंतीला पाठ लावून बसलो आणि उजव्या हाताला सुरेख उतार देत कोबा केला.

पाहुणे आले. जपून ठेवलेलं पाणी मी ऐटीत त्यांच्या पायांवर ओतलं. ते क्षणभर थबकलं आणि नालीला पाठ दाखवून थेट स्वयंपाकघरात शिरलं! चूल चर्रकन विझली. घरभर धूर!

"अगं बया! माझ्या भाकऱ्या!" आई ओरडली.

"समीकरण बरोबर आहे," मी खोकत म्हणालो. "फक्त लिहिताना घराकडे तोंड होतं आणि कोबा करताना अंगणाकडे. तिकडची उजवी ती इकडची डावी."

"मंग उठून बघायला काय झालं व्हतं तुला?" बाबा कडाडले.

सुमन दारात रडवेली उभी. मुलगा तिने बाजारात आधीच बघून पसंत केला होता. आता मात्र मला खरंच लाज वाटली.

मुलाच्या वडिलांनी ओले पाय झटकले, डोळे पुसले आणि विचारलं, "पोरगी पन गनितवालीच हाय का?"

"नाय वो!" बाबा घाईघाईने म्हणाले. "दहावीला गनितातच आपटली. दोनदा!"

"मंग सोयरीक पक्की समजा!"

सुमनला दहावीचं गणित मीच शिकवलं होतं. माझ्या शिकवण्याने कुणाचं भलं झाल्याचं हे एकमेव उदाहरण.