ड्रायव्हरच्या बाजूचे पाच नट

तारीख ११ मे १९५४, मंगळवार. आकाश निरभ्र. दुपारी दोनला ओसरीतल्या थर्मामीटरवर एकशे दहा अंश फॅरनहाइट. वारा पश्चिमेचा, झळांचा.

त्या दिवशीच्या डायरीत हवामानापुरतं सगळं बरोबर आहे. पुढचं ऐकायचं असेल तर आधी चहाचा घोट गिळून घ्या, नाहीतर ठसका लागेल. कारण गाढवपणा माझा होता, आणि तो मी तीन महिने आधीच वळणदार अक्षरात लिहून, खाली लाल शाईची रेघ मारून ठेवला होता!

लढाईतली एक अमेरिकन जीप माझ्याकडे होती. फौजेने मोडीत काढलेली. एका ठेकेदाराने ती घेतली आणि कडब्याच्या गंजीआड टाकून विसरून गेला. मी ती वाशीमला आणली आणि हाफिजभाई मिस्त्रींना हाताशी घेऊन आठ महिने खोलत-जोडत बसलो. हे मला कोणी शिकवलेलं नाही. कुठला स्क्रू कुठून निघाला ते लिहून ठेवायचं, एवढीच माझी विद्या. थोड्या सुधारणाही केल्या. वर ताडपत्रीचं छप्पर, मागे समोरासमोर दोन बाकं. आणि स्टिअरिंग! अमेरिकन गाडीत ते डावीकडे. पुढची बैलगाडी ओलांडायची तर समोरून काय येतंय ते दिसेना. म्हणून अकोल्याच्या भंगारातून सामान आणून हाफिजभाईंनी ते उजवीकडे बसवलं.

आमचे थोरले बंधू, गणपतभाऊ, यांचा या गाडीवर पहिल्यापासून राग.

"इची चारही चाकं ओढतात, भाऊ," मी म्हणालो.

"अन बाकीच्या मोटारीची?"

"दोनच."

"मंग उरलेली दोन काय वऱ्हाडी म्हून जातात?"

भाऊंच्या मुलाचं, पुरुषोत्तमचं लग्न केनवडला ठरलं. गोरज मुहूर्त, सहा वाजून बावन्न मिनिटं. सगळं वऱ्हाड आदल्या दिवशीच बैलगाड्यांनी निघालं. नवरदेवालाही भाऊ दमणीतून, म्हणजे छपराच्या हलक्या बैलगाडीतून, नेणार होते, पण मी अडून बसलो. म्हटलं, नवरदेव जीपमधूनच जाईल. माझी जबाबदारी!

"मुहूर्त हुकला तं?" भाऊंनी विचारलं.

"हुकला तं माह्यं नाव बदला."

साडेतीनला निघालो. जीपमध्ये मी, भाऊ, मुंडावळ्या बांधलेला पुरुषोत्तम आणि त्याची थोरली बहीण कमल, करवली म्हणून. केनवड चार मैल राहिलं तेव्हा घड्याळात पाच वाजत होते. आता गुपचूप जावं की नाही? पण वाटेत एक कोरडा नाला लागला. रस्ता नाल्याला वळसा घालून जात होता आणि मला चारही चाकांचा जोर दाखवायचा होता. घातली रेतीत! पुढच्या चाकांनाही जोर देणारा दांडा ओढला आणि गाडी पलीकडच्या काठावर बोकडासारखी चढली.

"पाह्यलं भाऊ?"

फुस्स.

उजवं पुढचं चाक. बाभळीचा काटा, लांबी पावणेदोन इंच.

मी शांत होतो. का नसावं? जादा चाक होतं, पाना होता, आणि मुख्य म्हणजे डायरी होती. मी पान काढून मोठ्याने वाचलं: "ड्रायव्हरच्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे. सोडताना उजवीकडे फिरवावे. सांगणार: हाफिजभाई." खाली लाल रेघ.

पाना लावला, उजवीकडे जोर केला. नट ढिम्म.

"काका, तिकून फिरवून पाहा ना," पुरुषोत्तम म्हणाला.

"नवरदेवानं आज बोलू नये."

पान्याला लोखंडी पाइप जोडला. तरी ढिम्म. मग भाऊंना पाइपवर उभं केलं. तेही पुरेना, तेव्हा नवरदेवालाही चढवलं. बाप-लेक एकमेकांच्या खांद्याला धरून पाइपवर उड्या मारतायत, मुंडावळ्या हलतायत, आणि मी आकडे मोजतोय!

टण्!

"निघाला!" मी ओरडलो.

कमलने मातीतला नट उचलला. "काका, याच्या पोटात बोल्टाचा तुकडा काहून हाय?"

"गंजला असन. पुढचा घ्या."

दुसरा, टण्. तिसरा, टण्. मला काय वाटलं असेल? वाटलं, अमेरिकन माणसं नट किती घट्ट बसवतात! चौथा निघाला तेव्हा भाऊ पाइपवरून उतरले. धोतराने घाम पुसला आणि माझ्या हातातली डायरी मागितली.

"हे कवा लिवलं तू?"

"वर तारीख हाय ना. चौदा फेब्रुवारी."

भाऊंनी एक-एक पान उलटत नेलं. "अन स्टेरिंग कवा हलवलं?"

"नऊ एप्रिल. तेही लिवलं हाय."

"हो, लिवलं हाय. मंग चौदा फेब्रुवारीले डायवर कोण्या बाजूले बसे?"

मी डाव्या बाजूकडे बघितलं. मग उजव्या बाजूकडे. कमल तोंडाला पदर लावून नाल्याकडे वळली.

म्हणजे उलटे आटे डावीकडच्या चाकांना; उजवीकडचे साधेच, आणि अर्धा तास आम्ही ते नट सोडत नव्हतो. आवळत होतो!

पाचवा नट पुरुषोत्तमने पाना डावीकडे फिरवून सोडला. एका हाताने.

चार बोल्ट तर तुटले होते; आता उरलेल्या एका बोल्टावर चाक कसं धावणार? तेवढ्यात मागून एक बैलगाडी आली, पळसाच्या पत्रावळींनी काठोकाठ भरलेली.

"कुठी चालली गाडी, बुवा?" भाऊंनी विचारलं.

"केनवडले. लग्न हाय तिथं. पत्रावळी कमी पडल्या म्हून मी शेजारच्या गावी गेलतो." गाडीवानाने नवरदेवाला आपादमस्तक न्याहाळलं. "तुमी इथं काय करून राह्यले?"

"आमच्या भावाले इचारा," भाऊ म्हणाले.

"नवरदेव, बसा वर. पण मधात बसजा. काठावरच्या चेपल्या तं पंगतीत शिव्या मले पडतीन."

तिघं चढले. चौथ्याला जागा नव्हती, आणि असती तरी मला कोणी चढवलं नसतं. गाडीवानाने शेपट्या पिळल्या. पत्रावळींच्या ढिगावर बसलेला नवरदेव डुलत-डुलत निघाला.

ते केनवडला सहा सत्तावन्नला पोचले. लग्न सात वाजून सोळा मिनिटांनी लागलं. चेपलेल्या पत्रावळी एकतीस. जीप एका नटावर चाक अडकवून दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वादहाला दोन बैलजोड्यांनी ओढत गावात आणली. स्टिअरिंगवर मी होतो.