शंभराव्याला सांगतो

दत्ता गेल्याची बातमी मला त्याच्याच व्हिडिओतून कळली. सकाळची शिफ्ट, स्टोअर्सच्या खिडकीवर मटेरियल घ्यायला पोरांची रांग लागलेली, आणि रांगेतल्या एकाने मोबाईल माझ्यापुढे धरून विचारलं, "बाळूभाऊ, हे खरंय का?" दत्ताचा फोटो, वर काळी पट्टी, खाली दोन दिवे. आणि त्याखाली श्रद्धांजली म्हणून त्याचा सगळ्यात गाजलेला किस्सा लावलेला. लाखो लोकांनी पाहिलेला तो किस्सा माझ्या डाव्या हाताच्या दोन बोटांचा आहे... म्हणजे नसलेल्या दोन बोटांचा. रहाटणीतल्या त्याच्या बिल्डिंगच्या जिन्यात तो तासाभरापूर्वी कोसळला होता. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. वय एक्केचाळीस. आणि माझ्या कानावर पहिलं काय पडलं, तर त्याचा हसरा आवाज, "आमचा एक दोस्त आहे, लई आळशी!" रडू यायच्या आधी मला राग आला. आज सहा आठवडे झाले, तरी दोन्ही तसेच आहेत आणि त्यांचं आपसात काही जमत नाही.

पेपरवाल्यांनी मला लिहायला सांगितलं ते 'पॉडकास्टमधला जोडीदार' म्हणून. आठवणी लिहा म्हणाले, हसऱ्या. हसऱ्या आठवणी पुष्कळ आहेत हो! पण दत्ताला ओळखणाऱ्या सगळ्यांनी त्या लिहून झाल्यात. मी उरलेलं लिहितो.

दत्ता परभणीकडचा. निघोज्याजवळच्या एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे मशीनखाली पत्रा दाबून पार्ट काढतात तिथे, तो माझ्याआधी दोन वर्षं लागलेला. मी इथलाच, कंपन्या यायच्या आधीपासूनच्या घरातला, पण कॉन्ट्रॅक्टवर दोघंही सारखेच. तो सात मिनिटांच्या टी-ब्रेकमध्ये अख्खी लाइन हसवायचा. सुपरवायझर चालायचा कसा, एचआरच्या मॅडम 'परिवार' हा शब्द कसा म्हणायच्या, कँटीनच्या वरणात डाळ शोधायला कुणाला पाठवायचं... चहा प्यायचा राहून जायचा. पुढे त्याच्या पॉडकास्टचं नाव 'सात मिनिटं' पडलं ते त्यावरून. एपिसोड मात्र सव्वा तासाचा. आमच्या घरी तो आठवड्यातून एकदा तरी जेवायला असायचा. आण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या पाया पडायचा आणि म्हणायचा, "आण्णा, हात दाखवा की." मग आण्णा दोन्ही पंजे उघडून धरायचे. ते पिंपरीतल्या एका कंपनीत छत्तीस वर्षं प्रेसवर होते. प्रेसवर तेवढी वर्षं काढून दहाच्या दहा बोटं घेऊन रिटायर होणारा माणूस त्या काळी विरळाच. सेंड-ऑफच्या दिवशी त्यांनी भाषण केलं नाही, नुसते पंजे वर केले आणि अख्खा शॉप टाळ्या वाजवत उभा राहिला. घरात कुणीही नवा माणूस आला की हे दर्शन ठरलेलं. "मशिन वंगाळ नसतंय, मानूस गाफील असतोय," हे त्यांचं एकच वाक्य ऐकत मी लहानाचा मोठा झालो.

आता ते बटणांचं सांगतो. प्रेसला दोन बटणं असतात, एकमेकांपासून लांब. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच प्रेस खाली येते. म्हणजे ती खाली येताना दोन्ही हात बटणांवर अडकलेले, आत जायचा प्रश्नच नाही. पण टार्गेट डोक्यावर बसलं की माणसाला अक्कल सुचते. एक बटण टेपने दाबून ठेवायचं. मग एका हाताने बटण, दुसऱ्या हाताने जॉब, म्हणजे पत्र्याचा तुकडा, ठेवायचा आणि काढायचा. काम भराभर उरकतं. नव्या मशीन हे चालू देत नाहीत, आमची जुनी होती, तिला चालायचं. ज्याने टेप लावली त्याने शिफ्ट सुटताना काढायची, हा आमच्यातला न लिहिलेला कायदा. त्या दिवशी दत्ता पहिल्या शिफ्टला, मी दुसऱ्या, मशीन एकच. दत्ताला संध्याकाळी पुण्यात पहिल्यांदा स्टेजवर उभं राहायचं होतं. टार्गेट उरकायला त्याने काळी टेप लावली, अडीचला शिफ्ट सुटली आणि तो बस पकडायला धावत सुटला. टेप तशीच. तीन वाजायच्या आत माझी दोन बोटं गेली.

दुसऱ्या दिवशी सुपरवायझर फॉर्म घेऊन दवाखान्यात आला. "टेप कुणी लावली?" दत्ता खाटेच्या पायाशी शहाळं घेऊन उभा होता. फरशीकडे बघत. त्याच्या बायकोला, मनीषावहिनींना, सातवा महिना चालू होता, परभणीहून आई आणून ठेवलेली. तो काही बोलला नाही. त्याने मला डोळ्यानेही काही खुणावलं नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. मीच म्हणालो, "मी लावली." फॉर्मवर तसंच लिहिलं गेलं. सुपरवायझर गेल्यावर दत्ता जिन्यात बसून पोरासारखा रडला. मग आत आला, माझा चांगला हात धरला आणि म्हणाला, "बाळ्या, हे मी एक दिवस सांगणार. सगळ्यांसमोर. तुझ्या आण्णांसमोर." मी म्हणालो, बरं. आण्णा संध्याकाळी आले. त्यांनी माझ्या बँडेजकडे पाहिलं, फॉर्मवर काय लिहिलंय ते विचारलं आणि म्हणाले, "प्रेसवाल्याचं पोर तू. बटनाला टेप लावलीस?" बस, एवढंच. त्यानंतर त्यांनी आजतागायत कुणाला पंजे दाखवले नाहीत.

पुढचे दोन महिने दत्ताने माझी सेवा केली. हो, सेवाच. दर दिवसाआड ड्रेसिंगला गाडीवरून न्यायचा, शर्टाची बटणं लावून द्यायचा, बुटाच्या नाड्या बांधायचा. अपघातानंतर मी पहिल्यांदा हसलो तेही त्याच्यामुळेच. डॉक्टर म्हणाले, बोटं हलवून बघा. दत्ता म्हणाला, "डॉक्टर, कोणती? आहेत ती का गेलेली?" नर्ससुद्धा हसली. मला वाटतं, त्याच वेळी त्याच्या डोक्यात तो किस्सा शिजायला लागला असणार. माणूस वाईट नव्हता हो. पण त्याला हशा दिसला की पुढचं काही दिसायचं नाही.

कंपनी सोडून तो पूर्णवेळ स्टेजवर गेला, तेव्हा पुण्यातल्या कॅफेवाल्या पब्लिकने त्याच्या मराठीवर नाकं मुरडली. मग तो आपल्या भागात उतरला. सोसायट्यांचे गणपती, कंपन्यांचे वार्षिक कार्यक्रम, लग्नाच्या आदल्या दिवशीची हळद. आणि तिथे मी एक गंमत पाहिली. कार्यक्रमाआधी एचआर यायचा, "मॅनेजमेंटवर काही नको बरं का." ते किस्से यादीतून निघायचे. आयोजक म्हणायचा, "कॉन्ट्रॅक्टर आपलेच आहेत, त्यांचं राहू द्या." तेही निघायचे. पुढाऱ्यांचे तर आधीच निघालेले. अशी काटछाट होत होत शेवटी एकच किस्सा उरायचा ज्याने कुणाचंच काही बिघडत नव्हतं. तो माझा. "आमचा एक दोस्त आहे, लई आळशी. म्हणतो, दोन-दोन बटणं कोण दाबत बसणार? लावली टेप! आता त्याला हाय-फाइव्ह मागा... हाय-थ्री देतो!" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी तिसऱ्या रांगेत होतो. सगळे हसले. मीही हसलो, काय करणार? गाडीपाशी आल्यावर मी त्याला विचारलं, "दत्ता, टेप मी लावली का रे?" तो म्हणाला, "अरे किस्सा आहे तो. कशाला टेन्शन घ्यायलास? खरं मी सांगणार आहे ना."

मग 'सात मिनिटं' सुरू झालं आणि त्याने मला शेजारी बसवलं. काळेवाडीत पिठाच्या गिरणीवर एक खोली भाड्याने घेतली. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले. गिरणी रविवारी बंद, म्हणून रेकॉर्डिंग रविवारी सकाळी. माइकचा स्टँड मानेत मोडलेला होता, त्याला काळी टेप गुंडाळलेली. होय, तीच काळी टेप, इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते ती. दर रविवारी ती माझ्या नाकासमोर असायची आणि दत्ताला त्यात काही वाटायचं नाही. सुरू करण्याआधी आम्ही एकमेकांच्या पंज्यावर पंजा मारायचो, त्याचा उजवा, माझा डावा. त्या टाळीवरून एडिटिंगवाला आवाज आणि व्हिडिओ जुळवायचा. लोकांना ती इतकी आवडली की तिचंच नाव हाय-थ्री पडलं, टी-शर्टवर छापून आलं. आणि खरं सांगू? मलाही आवडायला लागलं होतं. अपघातानंतर मला स्टोअर्सच्या खिडकीवर बसवलेलं, तिथे कुत्रं विचारत नव्हतं मला, आता पोरं सेल्फी मागायची. बोटं गेली ती गेली, निदान त्यांचं नाव झालं, असं मनाला सांगत मी बसून राहिलो.

पण मी विसरलो नव्हतो. विचारायचो. तो म्हणायचा, "पंचविसाव्याला सांगतो, स्पेशल करू." पंचविसाव्याला पाहुणा मोठा मिळाला. मग पन्नासाव्याला. पन्नासावा हॉलमध्ये लोकांसमोर झाला, म्हणाला, "एवढ्या गर्दीत रडलो तर घाण होईल बाळ्या, शंभराव्याला सांगतो. आण्णांना पहिल्या रांगेत बसव." तुम्ही म्हणाल, स्वतःच का नाही सांगितलं? अहो, मी सांगितलं असतं तर ती सबब झाली असती. बोटं गमावलेला माणूस दोस्तावर ढकलतोय, एवढंच आण्णांनी ऐकलं असतं. ते दत्ताच्याच तोंडून यायला हवं होतं. मी एपिसोड मोजत होतो. नव्वद, एक्क्याण्णव, ब्याण्णव. चौऱ्याण्णव झाले आणि हा जिन्यात पडला! दत्ता, लेका, सहा रविवार राहिले होते रे. सहा!

श्रद्धांजलीची सभा चिंचवडच्या एका हॉलमध्ये झाली. आण्णा हट्टाने आले, "पोरगं माझ्या ताटाला जेवलंय," म्हणाले. भाषणं झाली. मग पडद्यावर तो किस्सा लावला. लोक हसले, हसता हसता रडले. सूत्रसंचालक म्हणाला, "चला, आपल्या दत्ताला शेवटचा हाय-थ्री!" आणि अख्ख्या हॉलने दोन-दोन बोटं दुमडून हात वर केले. वहिनींनी केला, त्यांच्या मुलीने केला. मीही केला, मला दुमडायची गरज नव्हती. फक्त आण्णांचे हात उपरण्याखाली होते. त्यांनी ते बाहेर काढले नाहीत.

परत येताना आण्णांना लघवीला लागली म्हणून रस्त्याकडेला एका चहाच्या टपरीवर थांबलो. तिथे, चहा हातात असताना, मी सांगून टाकलं. टेप दत्ताने लावली होती. फॉर्मवर मी खोटं लिहायला लावलं. तो शंभराव्याला सांगणार होता. आण्णांनी सगळं ऐकून घेतलं. चहा संपवला, ग्लास खाली ठेवला. मला वाटलं, आता माझ्या पाठीवर हात येणार. इतकी वर्षं मी त्या हाताचीच वाट बघत होतो.

"टेप त्यानं लावली," आण्णा म्हणाले. "बरं. तू मशिनीवर हुबा राहिलास, तवा तुला दिसली व्हती का न्हाई?"

हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता. सुपरवायझरने नाही, दत्ताने नाही, मी स्वतःलाही नाही. खोटं बोलता आलं असतं.

"दिसली होती."

"काढाया किती येळ लागतो?"

"दोन सेकंद."

"मंग?"

मग काय, आण्णा? मलाही टार्गेट लवकर उरकून शेवटचा तास निवांत बसायचं होतं. टेप आयती लावलेली दिसली, मला बरंच वाटलं. "त्यो भ्याला. तू गाफील राहिलास. चल, तुझी आई वाट बघत आसंल," आण्णा म्हणाले आणि गाडीवर मागे बसले. दत्तावरचा माझा राग यामुळे गेलाय असं समजू नका. त्याने बोलायला हवं होतं, शंभर वेळा बोलायला हवं होतं. फक्त त्या रागाला आता सोबत मिळाली आहे.

मनीषावहिनींना हे सगळं छापून यायच्या आधी जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "लिहा भाऊ. पण चांगलं काही केलं असेल तर तेही लिहा." ते लिहिलंय, वहिनी. वाचून बघा.

काळेवाडीची खोली या महिन्यात खाली करायची आहे. चावी माझ्याकडे आहे. गेल्या रविवारी गेलो. गिरणी बंद, अंड्यांचे ट्रे भिंतीवर, टेबलावर माइक. स्टँडच्या मानेवरची टेप चकचकीत, नवी होती. चौऱ्याण्णवाव्या एपिसोडच्या सकाळीच दत्ताने जुनी काढून ती लावली होती, मी समोर बसलेलो असताना. सवयीने डावा पंजा वर गेला, तसाच खाली घेतला. मग त्याच हाताने, उरलेल्या तीन बोटांनी, टेपचं टोक पकडलं आणि ओढलं. एका ओढीत सगळी निघाली. दोन सेकंदही लागले नाहीत.