फिरत्या रंगमंचाची उजवी बाजू

आमच्या नाटकवाल्यांपैकी दोघं औरंगाबादेत कुठंही चहाला भेटले, की नाटकाचं नाव कुणालाच आठवत नाही. सेट कुठं अडकला तेवढं मात्र दोघांनाही आठवतं, आणि तेही वेगवेगळं.

मी तेव्हा कापडाच्या दुकानात कामाला होतो. दिग्दर्शक होते कुलकर्णी सर, शाळेत भूगोल शिकवायचे. सुतारकाम लतीफभाईंकडं, दिवसा लोकांची कपाटं, संध्याकाळी आमच्या भिंती. आणि त्या भिंती ढकलायला धोंडिबा. गंगापूरकडच्या धनगराचा मुलगा, जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचा. सरांना प्रत्येक नाटकात काहीतरी हलणारं हवं असायचं आणि मंडळाकडं खिळ्यांपुरतेच पैसे असायचे.

*

पहिला प्रयोग फिरत्या रंगमंचाचा. लतीफभाईंनी भंगारातली बेअरिंगं बसवून फळ्यांची गोल चकती केली. तिच्यावर तीन बाजू: स्वयंपाकघर, कोर्ट आणि तुरुंग. धोंडिबानं मागून चकती उजवीकडं फिरवली की कोर्ट पुढं येणार, असं ठरलं होतं.

अंधार झाला, चकती फिरली, उजेड आला. समोर गज! न्यायाधीश मागच्या बाजूला टेबल आपटत बसलेले. आरोपी गोंधळला, इकडंतिकडं बघितलं आणि गुपचूप आत जाऊन बसला. प्रेक्षकांतून कुणीतरी म्हणालं, "डायरेक्ट हर्सूल जेल."

नंतर उजवीवरून वाद झाला. सर म्हणत होते, उजवी प्रेक्षकांची. लतीफभाई म्हणत होते, नटांची. धोंडिबा शांतपणे म्हणाला, "मी तर मागं होतो. माझी उजवी कुणीच धरली नाय."

*

मग रेल्वेचा डबा. खिडकीबाहेर झाडं पळायला हवी होती. मी दुकानातलं डागी मांजरपाट आणलं, लतीफभाईंनी त्यावर झाडं रंगवून ते दोन लाकडी रुळांवर गुंडाळलं. ते हँडल फिरवायचे आणि गाडी धावायची.

नायक-नायिकेचं बोलणं त्या दिवशी लांबलं. कापड संपलं. लतीफभाईंनी घाबरून हँडल उलटं फिरवलं आणि आमची गाडी मागं पळायला लागली. नायिका सासरचं गाव जवळ आल्याचं सांगत होती. नायकानं खिडकीबाहेर बघितलं, पुढचं वाक्य विसरला आणि तिलाच विचारलं, "घरी काही विसरलीस का?"

सर आत येऊन लतीफभाईंवर तापले. लतीफभाई घाम पुसत म्हणाले, "सर, कपडा खतम. गाडी रोकता तो तुम बोलते, स्टेशन किधर है."

*

स्पर्धेत चकती मधेच अडकली. अर्धं स्वयंपाकघर, अर्धं कोर्ट. नटांनी तसंच रेटलं. परीक्षकांनी दुभंगलेल्या मनाचं प्रतीक म्हणून खास कौतुक केलं. पुढच्या प्रयोगाला सरांनी सांगितलं, तिथंच अडकवा. तेव्हा मेली लोण्यासारखी फिरली.

*

एकदा धोंडिबाचे वडील नाटक बघायला आले. पोरगं नाटकात काम करतं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. पहिल्या रांगेत डोक्याचं मुंडासं मांडीवर घेऊन बसले. जो नट येईल त्याच्याकडं वाकून बघायचे, मग शेजाऱ्याला विचारायचे. शेजारी मान हलवायचा. पडदा पडेपर्यंत पोरगं काही दिसलं नाही.

धोंडिबा आतून हे सगळं बघत होता. त्याला बाहेर यायचंच नव्हतं. शेवटी सरांनी म्हाताऱ्याला रंगमंचावर आणलं आणि सांगितलं, की हे सगळं घर प्रत्येक वेळी तुमच्या मुलानंच फिरवलंय, एकट्यानं.

म्हातारा चकतीच्या मागं गेला. धोंडिबा जिथं खांदा लावायचा तिथली फळी घासून गुळगुळीत झाली होती, तिच्यावर हात फिरवला. मग स्वतःचा खांदा लावून एकदा ढकलून बघितली. स्वयंपाकघर हळूच सरकलं.

आम्ही सगळे बघत उभे होतो. म्हाताऱ्यानं मुंडासं परत डोक्याला गुंडाळलं आणि सरांना म्हणाला, "पुढच्या बारीला ह्याला म्होरं उभा करा. घर मी ढकलतो."